काट्यावर न गेलेले वजन

कराड तालुक्यातल्या ऊसवाल्याला वजनकाट्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. यशवंतनगरचा सह्याद्री असो की रेठऱ्याचा कृष्णा, सांगली जिल्ह्यात शिरल्यावर साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती किंवा वांगीचा सोनहिरा असो, गाडी आधी भरलेली काट्यावर चढते, मग रिकामी चढते, आणि दोन वजनांतल्या फरकावर शेतकऱ्याचे वर्ष ठरते. काटामारीच्या संशयावरून या भागात आंदोलने झाली आहेत. बाहेरच्या काट्यावर वजन करून मगच गाडी कारखान्यात घालू, असा आग्रह शेतकऱ्यांनी धरलेला आहे. किलोकिलोचा हिशोब मागणाऱ्या याच मुलखातून भाजी, आले, गूळ, दूध, सिमेंट आणि सळई वाहणाऱ्या पिकअप गाड्या रात्रंदिवस धावतात, आणि त्या मात्र सहसा काट्यावर जात नाहीत. त्यांचे भाडे खेपेवर ठरते, टनावर नाही. पैसा वजनावर मिळणार नसेल तर वजन करायचे कशाला, असा सरळ व्यवहार आहे. या व्यवहाराची किंमत गाडीचा मागचा एक्सल फेडतो, आणि एक्सलच्या टिकाऊपणाचा खरा निकाल गॅरेजच्या खड्ड्यात लागण्याच्या कितीतरी आधी, माल भरतानाच लागलेला असतो, हे या लेखाचे म्हणणे आहे.

पिकअप ही गेल्या वीसेक वर्षांत या भागाची कामाची गाडी झाली. २००५ साली टाटांचा एस बाजारात आला. पाऊण टनाची ही गाडी लोकांच्या तोंडी लगेच ‘छोटा हत्ती’ झाली. त्याहून मोठ्या मालाला बोलेरो पिकअप, टाटा योद्धा आणि त्यांच्या बरोबरीच्या गाड्या आहेत. आता तर कंपन्या गाडीच्या नावातच भारक्षमता लिहितात : १.३, १.७, २.०. हा आकडा टनांचा असतो आणि तो हौद्यातल्या मालाचा असतो. या गाड्यांचे एकूण वजन साडेसात टनांच्या आत येत असल्यामुळे त्या चालवायला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे पुन्हा स्पष्ट केले. त्यामुळे हजारो तरुणांना रोजगाराची वाट मोकळी राहिली, हे चांगलेच झाले. पण जड वाहनावर क्लीनर म्हणून उमेदवारी करताना उस्ताद ड्रायव्हरच्या हाताखाली जे शिक्षण मिळायचे, हबला हात लावून बघ, पाट्याखाली वाकून बघ, ते या नव्या चालकाच्या वाट्याला येईलच असे नाही. गाडी हलकी समजली जाते, काम मात्र तिच्याकडून जड गाडीचे घेतले जाते.

एक्सल म्हणजे नेमके काय, हे थोडे उलगडून पाहायला हवे. मागच्या दोन चाकांच्या मधे आडवी पोलादी नळी असते, ती हौसिंग. तिच्या पोटात मिस्त्री ज्याला ‘गोळा’ म्हणतात तो भाग : क्राउन, पिनियन आणि वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे दात. गोळ्यातून दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट चाकापर्यंत जातो. इथे दोन पद्धती आहेत, आणि त्यांतला फरक गाडीमालकाला ठाऊक असलाच पाहिजे. फुल फ्लोटिंग प्रकारात गाडीचे वजन हौसिंगच्या टोकावर बसवलेल्या दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांवर येते. शाफ्टला फक्त चाक फिरवायचे काम उरते, तो तुटला तरी चाक जागेवर राहते. जड ट्रकला हीच पद्धत असते. मोटारींत आणि हलक्या मालगाड्यांत पुष्कळदा सेमी फ्लोटिंग पद्धत आढळते. तिच्यात चाक थेट शाफ्टच्या टोकाला जोडलेले असते, म्हणजे शाफ्ट चाक फिरवतोही आणि वजन पेलतोही. तो बेअरिंगच्या बाहेरच्या अंगाला तुटला, तर चाक शाफ्टच्या तुकड्यासकट निखळू शकते. म्हणून सेकंडहँड पिकअप घेताना इंजिनाचा आवाज ऐकण्याइतकेच, मागच्या चाकाच्या मधोमध बोल्टांची चकती आहे की नाही, हे पाहणे महत्त्वाचे आहे. ती चकती आणि तिच्यातून बाहेर ओढता येणारा शाफ्ट ही फुल फ्लोटिंगची ओळख.

वजन पेलणारा शाफ्ट फिरत असतो, आणि सगळे दुखणे तिथे आहे. वजनाने शाफ्ट किंचित वाकतो. खालचा पृष्ठभाग ताणला जातो, वरचा दाबला जातो. अर्ध्या फेऱ्यात खालचा भाग वर येतो आणि ताणाचा दाब होतो. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला पोलाद एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला वाकवले जाते. पिकअपच्या टायरचा व्यास साधारण पाऊण मीटर धरला तर एका किलोमीटरला चाकाचे सव्वाचारशेच्या आसपास फेरे होतात. कराडहून वाशीचे मार्केट तीनशे किलोमीटरच्या घरात आहे. एका रात्रीच्या एका वाटेत सव्वा लाख फेरे, आणि चाळीस वेळा जाऊन-येऊन झाले की एक कोटी. अभियंते पोलादाची सहनशक्ती जिथे तपासतात, ती हद्द नेमकी दहा लाख ते एक कोटी फेऱ्यांची आहे. ठरावीक ताणाच्या खाली राहिले तर चांगले पोलाद हे फेरे जवळजवळ अमर्याद सोसते. त्या रेषेच्या वर गेले की प्रत्येक फेरा आयुष्यातून वजा होत जातो.

हे शास्त्र एक्सलनेच जगाला शिकवले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा एक्सल तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. वापराने लोखंडाचे आतले कणच बदलून ते ठिसूळ होते, अशी तेव्हा समजूत होती. विल्यम रँकिन या तरुण अभियंत्याने तुटलेले एक्सल तपासून दुसरे कारण दाखवले : जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक चीर सुरू होते आणि ती हळूहळू आत सरकते, म्हणून तो कोपरा गोलाई देऊन घडवा. पुढे प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्योलर यांनी वर्षानुवर्षे एक्सल फिरवून, वाकवून, मोजून ताण आणि फेरे यांचे नाते मांडले. त्या नात्याला आजही त्यांचे नाव आहे.

रँकिनने जे पाहिले ते कुठल्याही गॅरेजबाहेरच्या भंगारात बघायला मिळते. तुटलेल्या शाफ्टचे तोंड पुसून उन्हात धरावे. कडेच्या एखाद्या बिंदूपासून सुरू झालेला गुळगुळीत, घासून काळपटलेला भाग दिसतो आणि त्यावर झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर दिसतात तशा वळणदार रेघा असतात. प्रत्येक रेघ म्हणजे चीर थोडी पुढे सरकून थांबल्याची खूण. उरलेला भाग खडबडीत, चकाकणारा, दाणेदार असतो, आणि तेवढाच भाग शेवटच्या दिवशी तुटलेला असतो. तोंडाचा अर्ध्याहून अधिक भाग गुळगुळीत असेल तर त्या शाफ्टने महिनोन्‌महिने चिरलेल्या अवस्थेत गाडी ओढली, असा त्याचा अर्थ. ‘काल एका खड्ड्यात आदळली आणि तुटली’ ही हकिगत खोटी नसते, पण अपुरी असते. खड्ड्याने फक्त शेवटचा घाव घातला. याउलट स्प्लाइनचे दात दोरीसारखे पिळलेले दिसले, तर एकाच वेळी अति जोर आला असे समजावे : चिखलात रुतलेली भरली गाडी पहिल्या गिअरमध्ये क्लच एकदम सोडून उपसायचा प्रयत्न, हे त्याचे नेहमीचे कारण.

आता वजनाचा हिशोब. १.७ टनांची गाडी आहे आणि हौद्यात तीन टन माल भरला, असे धरू. रिकाम्या गाडीचे मागच्या एक्सलवर साधारण पाऊण टन येत असेल आणि मालाचे बहुतेक सगळे वजन मागेच जात असेल, तर एक्सलवरचा भार ठरलेल्याच्या दीडपट होतो. दीडपट म्हटले की आयुष्य दोनतृतीयांश उरेल असे मनाला वाटते. धातू मात्र असा हिशोब मानत नाही. रोलर बेअरिंगच्या आयुष्याचे गणित स्वीडनमधल्या लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी १९४७ मध्ये मांडले आणि आजही जगभरचे बेअरिंग त्यावरच निवडले जाते. त्यानुसार भार दीडपट झाला की आयुष्य जवळपास चौथ्या हिश्श्यावर येते आणि भार दुप्पट झाला तर दहाव्या हिश्श्यावर. हौद्यात माल कुठे ठेवला यानेही मोठा फरक पडतो. सळई, पाइप, बांबू यांसाठी फाळका पाडून माल मागे लोंबता ठेवतात. पुढच्या आणि मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असेल आणि सहाशे किलो माल मागच्या एक्सलच्याही मागे अर्धा मीटर बसला असेल, तर त्या एक्सलवर सहाशेऐवजी सातशे किलो येतात. पुढची चाके तेवढी हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागते. पावतीवर भार बरोबर दिसेल आणि तरीही एक्सलवर जास्त पडेल, हे यामुळे शक्य आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : कंपनी आकडा हातचा राखून लिहिते, गाडी त्याहून पुष्कळ ओढते. यात तथ्य आहे. कुठलाही अभियंता वर सूट ठेवूनच भाग घडवतो. पण ती सूट खड्डा, ब्रेकचा झटका, वळणावर एका चाकावर येणारा जादा भार आणि पोलादातले कमीजास्त यांसाठी राखलेली असते. ती आपण मालाने भरून टाकली की खड्ड्यासाठी काही उरत नाही. गाडी तीन टन ओढते ते इंजिनाच्या जोरावर. इंजिन ओढू शकते म्हणून एक्सल पेलू शकतो, असा निष्कर्ष निघत नाही. शिवाय सूट वापरल्याचे बिल त्याच महिन्यात येत नाही, वर्षा-दीड वर्षाने येते, आणि तोवर कारण विसरलेले असते.

दुसरा आक्षेप असा, की पाटे वाढवले की झाले; हा उपाय या भागात सर्रास दिसतो. गाडी नवी घेतली की मागे एकदोन जादा पाटे घालून घेतात, आणि मग ती मागे बसत नाही याचे समाधान मानतात. पाटा हा हौदा आणि एक्सल यांच्या मधे असतो. तो कितीही मजबूत केला तरी त्याच्या खालच्या हौसिंगवर, शाफ्टवर आणि बेअरिंगवर येणारे वजन किलोभरही कमी होत नाही. उलट पाटे ताठ झाले की खड्ड्याचा दणका गिळला जात नाही, तो जसाच्या तसा खाली आणि चासीत वर जातो. आणि मागे दबलेली गाडी ही जादा भाराची एकमेव उघड खूण होती, तीही पुसली जाते. माझ्या मते जादा पाटा हा एक्सलचा सर्वांत मोठा शत्रू आहे, कारण तो मालकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो.

तिसरा आक्षेप रस्त्यांचा. पुणे-बंगळूर महामार्गाच्या रुंदीकरणातली वळणे, पाटणवरून कुंभार्ली घाटाकडे जाणारी वाट, पावसाळ्यानंतरचे गावरस्ते, यांचा त्रास खराच आहे आणि त्याबद्दल शासनाला जाब विचारलाच पाहिजे. पण रस्ता आणि एक्सल यांचे नाते दुहेरी आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून जी चाचणी झाली, तिच्यातून असे दिसले की रस्त्याची झीज एक्सलभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार सव्वापट झाला की झीज जवळजवळ अडीचपट. २०१८ साली केंद्र सरकारने जड वाहनांची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका एक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन, जोड एक्सलला १९ ऐवजी २१ टन. याच सूत्राने पाहिले तर नुसत्या कायदेशीर वाढीनेही एकेरी एक्सलखालची झीज दीडपटीच्या वर जाते. आणि ‘सरकारनेच वजन वाढवून दिले’ म्हणून पिकअपवाल्याने खूश व्हायचे कारण नाही. राजपत्रातला आकडा बदलल्याने आधी घडलेल्या शाफ्टचे पोलाद बदलत नाही.

मग देखभालीचे काय? तिची किंमत कमी लेखण्याचा हेतू नाही. देखभाल जादा वजनाला उतारा ठरत नाही, पण चीर, गळती आणि झीज वेळेत दाखवून जीव वाचवते. सर्वांत सोपी तपासणी हाताची. वाटेत गाडी थांबली की दोन्ही मागच्या हबना, ब्रेक फार न वापरता आलेले असताना, जपून हाताची पाठ लावावी. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट तापलेले असेल तर आतले बेअरिंग घट्ट आवळले गेले आहे, ग्रीस संपले आहे किंवा ब्रेक घासतो आहे. घाट उतरून आल्यावर दोन्ही तापलेलीच असणार, तेव्हाचा निर्णय खरा धरू नये. चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर तेलाचा ओघळ दिसला तर ऑईल सील गेले. ते तेल ब्रेकच्या लायनरवर पोचते आणि त्या बाजूचा ब्रेक धरत नाही, म्हणून सीलचे काम पुढच्या खेपेवर ढकलू नये. वेग धरताना मागून घरघर वाढते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बदलते, तेव्हा गोळ्यातल्या दातांची बैठक किंवा पिनियनचे बेअरिंग बिघडले असण्याचा संभव मोठा. वळणावर बाजू बदलणारा आवाज चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखवतो.

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात पाण्याचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनी कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या, पण दरवर्षी ओढ्यातून आणि फरशी पुलावरच्या पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांचेही नुकसान होते, ते कोणाच्या ध्यानात येत नाही. हौसिंगच्या वरच्या बाजूला हवा ये-जा करायला एक छोटीशी नळी किंवा टोपी असते. ती चिखलाने बंद झाली आणि तापलेले हौसिंग एकदम थंड पाण्यात उतरले, की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. त्यानंतर गिअर ऑईल दुधाळ होते आणि दातांवर, बेअरिंगवर गंज धरतो. पाण्यातून गेलेल्या गाडीच्या गोळ्याचा बोल्ट सोडून थोडे तेल काचेच्या बाटलीत घ्यावे. रंग चहासारखा पांढरट झाला असेल तर तेल त्याच दिवशी बदलावे. बोल्टाला चुंबक असेल तर त्यावरचा बारीक करडा चिखल नेहमीचा समजावा. हाताला लागणारी चकती किंवा टोकदार कण सापडला तर गोळा उघडायची वेळ आली. ग्रीस भरतानाही जुने ग्रीस रॉकेलने धुऊन, बेअरिंग कोरडे करून, रोलरच्या फटींत नवे दाबून भरावे लागते. जुन्यावरच नवे चोपडणे म्हणजे धूळ आणि लोखंडाचा कीस आत कोंडून ठेवणे.

चीर शोधायला यंत्रेच हवीत असे नाही. रेल्वेत एक्सलची तपासणी ध्वनिलहरींच्या यंत्राने नेमाने होते. पुणे-मिरज मार्गावर कराड स्टेशनातून जाणाऱ्या डब्यांच्या एक्सलला ही शिस्त आहे आणि शेजारच्या रस्त्यावरच्या पिकअपला ती अजिबात नाही. पण जुन्या कारखान्यांत वापरली जाणारी एक साधी रीत कुठल्याही मिस्त्रीला जमेल. बाहेर काढलेला शाफ्ट स्वच्छ करून रॉकेलमध्ये काही वेळ ठेवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड लावायची. चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल झिरपून पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. बेअरिंग किंवा सील बदलायला शाफ्ट निघालाच आहे तेव्हा हे करायला फार वेळ जात नाही. जिथे रेघ उमटेल तो शाफ्ट थेट भंगारात टाकावा. त्याला वेल्डिंग मारून पुन्हा बसवणे हा गुन्हाच समजला पाहिजे. शाफ्टचा पृष्ठभाग ठरावीक उष्णतेने कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने ती कडकाई जाते आणि टाक्याच्या शेजारीच नवी चीर धरते. यू-बोल्टचेही असेच. पाट्यांचे काम झाल्यावर थोडे अंतर चालवून ते पुन्हा आवळावे लागतात, नाहीतर मधला बोल्ट तुटून एक्सलच तिरका सरकतो.

सर्वांत खरा आक्षेप मी शेवटी ठेवला आहे, कारण तो पैशांचा आहे. कर्जाचा हप्ता, डिझेल, टोल आणि पडलेले भाडे यांच्यापुढे १.७ टनांत खेप परवडत नाही, असे पिकअपवाला सांगतो. व्यापारी म्हणतो, तू नाही नेलेस तर दुसरा नेईल. हे खोटे नाही, आणि म्हणूनच दोष एकट्या चालकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड सांगते, जादा माल उतरवण्याचा खर्चही. सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २००५ च्या निकालात, पैसे भरून जादा वजनाला मुभा देणारी राज्यांची कार्डे बेकायदा ठरवली. दंड भरला म्हणून जादा भार घेऊन पुढे जाता येत नाही. पण तपासणीचे लक्ष जड ट्रकवर असते. फिटनेसच्या वेळी पिकअप उभी राहते ती रिकामी, आणि रिकाम्या गाडीत शाफ्टच्या पोटातली चीर दिसत नाही. तोटा मात्र व्यवहारातच मोजता येतो. एका जादा टनाने मिळालेले भाडे आणि बेअरिंगचे चौथ्या हिश्श्यावर आलेले आयुष्य, लवकर झिजणारे टायर, हंगामात चार दिवस गॅरेजात उभी गाडी आणि रस्त्यात नासलेली भाजी, हे दोन रकाने एका वहीत मांडून बघावेत. खेपेवरच्या भाड्यात पहिला रकाना व्यापाऱ्याच्या खिशात जातो आणि दुसरा गाडीमालकाच्या डोक्यावर बसतो.

कराड भागातून पुण्यात गेलेल्या नीळकंठराव कल्याणींनी १९६१ मध्ये भारत फोर्ज स्थापन केली. मुंढव्याच्या त्या कारखान्यात घडलेले ट्रकचे एक्सल बीम आज परदेशी गाड्यांखालीही आहेत. पोलाद घडवण्यात या मुलखातली माणसे कोणाला हार गेलेली नाहीत, आणि वजन करण्यात तर मुळीच नाही. उसासाठी गावोगाव काटे उभे आहेत. गळीत हंगाम संपला की त्यांतले बरेच रिकामे पडतात. बाजार समितीने, वाहतूकदारांच्या संघटनेने आणि व्यापाऱ्यांनी मिळून पिकअपचे भाडे खेपेऐवजी वजनावर ठरवावे, आणि मालाच्या बिलासोबत काट्याची पावती जोडण्याचा नियम करावा. तोवर गाडीमालकांना एवढीच विनंती : आज रात्री वाशीला निघण्याआधी एकदा भरली गाडी काट्यावर घाला, जमले तर नुसती मागची चाके काट्यावर ठेवून त्यांचेही वजन घ्या, आणि तो आकडा गाडीच्या कागदावरच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.